नानांच्या खलातली काळी पूड

रविवार, ९ नोव्हेंबर. सोयाबीनची पोती ठेवायला नानांची खोली रिकामी करायची होती. नाना म्हणजे माझे थोरले दीर. महिन्यापूर्वी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. खाट बाहेर काढली, जळमटं पाडली... आणि खिडकीत चिनी मातीचा खल दिसला. वर बशी, आत काळी पूड. सगळा पसारा आवरला, ती पूड मात्र टाकवेना.

नाना कळंबला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. एकटेच होते. रिटायर झाल्यावर ईटला, गावी आमच्यात राहायला आले आणि एकच ध्यास घेतला, कार्बनचं चुंबक करायचं. "सुमन, तुझ्या बॅटरीवरच्या स्कूटरच्या मोटारीत चुंबक आहे. त्याला लागणारे दुर्मिळ धातू बाहेरून आणावे लागतात. कार्बन काय, तुझ्या चुलीत बी आहे." शिसपेन्सिलीतल्या शिशाचे, म्हणजे कार्बनचेच, एका अणूएवढ्या जाडीचे पापुद्रे सुटे करायचे, त्याला ग्राफीन म्हणतात, आणि त्यात चुंबकत्व आणायचं, असा बेत. मी म्हटलं, "करा, पण माझा मिक्सर सोडून." म्हणून त्यांनी माझा लोखंडी खलबत्ता नेला.

एके सकाळी पूड चुंबकाकडं झेपावली. नानांनी गल्लीभर पेढे वाटले. संध्याकाळी मात्र त्याच खलबत्त्यात त्यांनी नुसतं मीठ कुटून पाहिलं, तर त्यातूनही काळे कण चुंबकाला चिकटले. लोखंडच झिजून पुडीत उतरत होतं. दुसऱ्या कुणी विषय दाबला असता. नाना पुन्हा घरोघर गेले. "पेढे परत मागत न्हाय, बातमी परत घेतो." शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या, "मास्तर, अशी बातमी रोज परत घ्या. पेढे लई चांगले हुते." सगळ्यात मोठ्यानं नानाच हसले.

मग धाराशिवहून हा चिनी मातीचा खल आला. नवी पूड घोटून त्यांनी वाळत ठेवली. "उद्या बघू. लोखंड न्हाय एवढं कळलं, तरी पुढचं सुरू करता येतं." तो उद्या त्यांच्या वाट्याला आला नाही.

सोमवारी सकाळी धारा काढून झाल्यावर मी चिमूटभर पूड कागदावर घेतली आणि खालून त्यांचं चुंबक फिरवलं. एक कण हलला नाही. चुंबक झालं नव्हतं, पण लोखंडही नव्हतं. तशीच कौसाबाईंकडं गेले आणि सांगितलं.

"मग पेढे?"

"पेढे न्हाईत. पूड चोख निघाली."

"बस, च्या टाकते," त्या म्हणाल्या. चहा घेऊन परत आले, खलावर बशी झाकली, तो खिडकीत होता तिथं ठेवला आणि पोती पडवीत रचली.