सुमीचा कॅमेरा आन् मेलेली गिऱ्हाईकं

किस्से म्हंजी शेळीच्या लेंड्या. रोज झाडा, रोज पडत्यात. मोजत बसू नये, एका कोपऱ्यात लोटावं. माज्या कोपऱ्यात सगळ्यात मोठा ढीग हाय माज्या लेकीच्या, सुमीच्या कॅमेऱ्याचा. मी तिसरी नापास, तवा जसं येतंय तसं सांगते.

लेकरू होईना म्हनून सुमीला नवऱ्यानं माज्या दारात आनून सोडली आन् दुसरी केली. सवतीला तिसरं लेकरू झालं तवा माजा लेक बापू म्हनला, "हिचं आता काय करायचं?"

सुमीनं पायातले चांदीचे तोडे काढले. म्हनली, "हे मोडून कॅमेरा घेते. फोटो काढून पोट भरीन."

बापू हसला. "दसऱ्यापर्यंत बघतो. जमलं न्हाई तर गुमान सासरी जायाचं. तिकडं सासू आंथरुनाला खिळलीय, त्यांना बाई पायजेच हाय."

म्हंजी कॅमेरा चालला तर लेक माज्यापाशी. न्हाई चालला तर सवतीची लेकरं आन् सासूचं गू-मूत.

*

परभणीच्या दुकानात गेलो. पहिल्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून मी फरशीवरच बसले. मंग दुकानदारानं तळातून काळा डबा काढला. पोटाशी धरायचा, वरून वाकून बघायचं, एका रोलात बारा फोटो. फ्लॅश न्हाई, ऊन पायजे. लय स्वस्त.

दुकानदार म्हनला, "मालकांना घेऊन या. बायांना समजायचं न्हाई."

मी म्हनलं, "मालक दुसरीसंगं हायती. आनलं तर जोडीनं येतील. तुमी हिलाच समजवा."

त्यानं बिचाऱ्यानं तीनदा समजावलं.

*

पहिला रोल माज्यामुळं गेला. सुमीनं मेंढरं काढली, बापू काढला, तिची भावजय काढली. बारा झाले. मला दम निघंना. कोंबडी उठवून खालची अंडी बघतो आपुन, तसं मी अंगनात कॅमेऱ्याचं मागचं झाकन उघडलं. म्हनलं, बघावं तरी आत कोन कोन बसलंय.

दुकानातून पट्टी आली ती तव्यावानी काळी.

तिसऱ्या दिशी सुमी म्हनली, "आये, एक गोष्ट शिकले. कॅमेऱ्याला कडी लावायची. तुला बी."

*

लग्नाला तिला कुनी बोलवंना. टाकलेली बाई नवरीपुढं कशी उभी करायची? बारशाला तर नावच नको. मंग राह्यलं कोन? मेलेले.

आमच्याकडं मानूस जलमभर फोटो काढत न्हाई. मेला की त्याला आंघोळ घालायची, पटका बांधून खुर्चीत बसवायचं, भवती घरची समदी उभी करायची, एक फोटो काढायचा आन् मंग उचलायचं. सोनपेठचा फोटोवाला आसल्या कामाला नाक मुरडायचा. सुमी जायाची. मेल्याला कसला आलाय अपशकुन?

"हेच बरे हायती आये," सुमी म्हनायची. "डोळे मिटले गेले म्हनून भांडत न्हाईत."

पन त्या साली गावात मरना कुनी. मी पारावरच्या म्हाताऱ्यांना इचारायची, "काय मामा, तब्येत?"

"बरी हाय की."

"आसं का? दसरा जवळ आलाय, म्हनून इचारलं."

पुढं पुढं मी दिसले की म्हातारे पारावरून उठून जायाले.

*

त्याच पावसाळ्यात इद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं. आमच्या गावातला बौद्धवाडा जाळला. कुनी जाळला ते समद्यांना ठावं, बोलंना कुनीच.

तिथली गयाबाई आली. दारातच उभी राह्यली. "सुमे, भरपाईला पुरावा मागायलेत. घराचा फोटो काढती का?"

बापू आडवा झाला. "तिकडं गेलीस तर गावातलं एक मढं तुला बोलवायचं न्हाई. मंग दसरा कशाला पायजे, आजच गठुडं बांध."

सुमीनं कॅमेरा गळ्यात घातला. मी मागं मागं.

घर कसलं, चार भिंती आन् एक जातं. गयाबाई मधी उभी राह्यली. सुमी वाकली, डब्यात बघाया लागली.

"थांब ग," गयाबाई म्हनली. "पहिलाच फोटो हाय. केस नीट करते."

राखंनं भरलेले हात तिनं केसावरून फिरवले. पदर सारखा केला. म्हनली, "आता काढ."

मला उभ्या जलमात पहिल्यांदा मस्करी सुचली न्हाई.

*

बापूचं खरं झालं. गावात दोघं मेले, दोघंबी फोटोबिगर गेले. दसरा आठ दिसावर आला. बापूनं सुमीची ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठिवली.

आन् तिच्या सासरचा मानूस आला. सासू गेली. पुन्हा गडबड होती, एसट्या बंद, फोटोवाला येईना. "कॅमेरा घेऊन या म्हनलंय."

बैलगाडीनं गेलो. सासूला खुर्चीत बसवलेलं. बाजूला सवत, तिची तीन लेकरं. सुमीचा नवरा नवं धोतर नेसून मधोमध उभा.

सुमीला बघून म्हनला, "आता झालं गेलं. थोरली सून तूच हायेस. ते यंत्र दे कुनाजवळ, पदर घे आन् हितं उभी राह्य. आन् राह्य हितंच. घराला बाई पायजे."

समदे पाव्हने सुमीकडं बघायले. बापूबी आला होता, त्यो मान डोलवायला.

सुमीनं सासूकडं बघितलं. म्हातारीची मान एका अंगाला पडली होती.

"मान पडायलीय," सुमी म्हनली. "कुनीतरी मागून धरली पायजे. पोटच्या लेकानं धरावी. खुर्चीमागं बसा तुमी, आन् पाठीमागून हात घाला. पन दिसू नका, फोटो खराब होतोय."

मरनाच्या घरात न्हाई कसं म्हनायचं? नवरा नव्या धोतरासकट खुर्चीमागं उकिडवा बसला. वरून त्याच्यावर चादर टाकली. फोटोत आता म्हातारी, सवत आन् तिची लेकरं.

सुमी डब्यावर वाकली. वाकलीच.

लय येळ झाला. चादरीतून आवाज आला, "झालं का?"

सुमी म्हनली, "हालू नका."