कंपनीचे किलोमीटर

निवृत्त झाल्यावर मी विजेवरची गाडी घेतली, तेव्हा आमच्या कोन गावातल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, ॲव्हरेज किती देते? रंग कुणी विचारला नाही, मी ती चालवणार कशी हेही नाही. भिवंडीच्या इस्पितळात मी जन्मभर नर्स होते, पण अख्ख्या आळीला माझ्यात रस वाटला तो या ॲव्हरेजमुळे. मीही ऐटीत सांगायची, एका चार्जिंगमध्ये तीनशेच्या वर. ब्रोशरवर तसंच छापलं होतं, ठळक आकड्यात, आणि आकड्याच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी. तिचा खुलासा तळाशी इतक्या बारीक अक्षरात होता की चष्मा लावूनही नीट लागेना.

औषधाच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचण्यात माझं आयुष्य गेलंय. मी सोडते होय? शोरूममध्ये परत गेले आणि विक्रेत्याला समोर बसवलं. तो आधी गोलगोल बोलला, मग सरळ आला. हा आकडा रस्त्यावर मोजतच नाहीत. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. समोरच्या पडद्यावर एक रेघ सरकते. किती वेग धरायचा, कधी थांबायचं, सगळं त्या रेघेवर ठरलेलं, आणि आत बसलेला माणूस तिच्याबरहुकूम गाडी चालवतो. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, वेगही बेताचाच. बॅटरी संपेपर्यंत जेवढे किलोमीटर पडतील ती रेंज. मग गाडी पुन्हा पूर्ण चार्ज करायची, प्लगमधून किती युनिट ओढली ते मीटरवर बघायचं आणि युनिटला किती किलोमीटर पडले ते काढायचं. सगळ्या कंपन्यांना परीक्षा एकच, म्हणून दोन गाड्या ताडून बघायला तो आकडा बरा. रस्त्यावर तेवढंच मिळेल असं वचन मात्र कुणी दिलेलं नाही.

घरी येताना मला तो आत बसलेला माणूसच दिसत राहिला. बंद खोलीत एकटा, तासन्‌तास गाडी चालवतोय आणि कुठेच पोचत नाही. नवरा गेल्यापासून माझेही दिवस तसेच चालले होते. झाडलोट, स्वयंपाक, टीव्ही, झोप. नर्सला एकटेपणा कळतो असं लोक म्हणतात. दुसऱ्याचा कळतो, स्वतःचा नाही झेपत.

एकुलती एक लेक नाशिकला. लग्न झालेली, नोकरी करणारी, घरात सासू-सासरे. रोज फोन करते, तक्रारीला जागाच नाही. पण आमच्यात लेकीच्या घरी मुक्काम करायचा तर कारण लागतं. बाळंतपण असावं, कुणी आजारी असावं, निदान बारसं तरी. नुसतं ‘करमत नाही’ हे कारण कुणी धरत नाही. सकाळी जावं, जेवावं, व्याह्यांशी चार शब्द बोलावे आणि निघावं. गाडी घेतल्याचं कळवलं तेव्हा जावयांनी फोनवरच हिशेब करून दिला होता, की तीनशेच्या वर देते म्हणजे एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन होतं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर उगाच भांडी आपटली. कंपनीने माझा परतीचा रस्ता छापूनच ठेवला होता.

म्हणून आता मला खरा आकडा हवा होता, आणि तो जितका कमी येईल तितका बरा. कोनाहून पूर्णा गावापर्यंत, गोदामांसमोरच्या ट्रेलरच्या रांगेतून, एसी लावून मी रखडत जाऊ लागले. मग नाशिक हायवेला लागून शहापूरपर्यंत जोरात जाऊन आले. या गाडीला रखडण्यापेक्षा पळणं महाग पडतं, हे तेव्हा कळलं. शेजारच्या काकांना शेवटी हिशेब सांगितला, दोनशेच्या आत-बाहेर पडतायत म्हणून. त्यांना फार वाईट वाटलं. “गंडवलं हाय तुला कंपनीनं. गाडी जाग्यावर ठेवून किलोमीटर मोजतात, असं कुठं हाय का?” मी तोंड पाडून ऐकून घेतलं. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. नाशिकला पोचेन, पण परत येता येणार नाही. आणि घरातल्या प्लगवर गाडी भरायची तर पूर्ण रात्र लागते. कारण मिळालं होतं, तेही चारचौघांत सांगता येईल असं.

एका रविवारी निघाले. पिशवीत गाऊन, दात घासायचा ब्रश, रक्तदाबाच्या गोळ्या. कसाऱ्याच्या घाटात चढावर आकडा झरझर खाली यायला लागला, तशी मी खूश. नाशिकला पोचले तेव्हा परतीपुरती बॅटरी नव्हतीच. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर मी घसा खाकरून सांगितलं, प्रयोगशाळा, रोलर, एसी, सगळं. व्याह्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

लेक हसायला लागली. तिने म्हणे आधीच वाचलं होतं की रस्त्यावर कमीच मिळतं, आणि मला परत जायची काळजी लागेल म्हणून घराजवळचा फास्ट चार्जर शोधून ठेवला होता. मोबाइलवर ॲप घेतलं होतं, चार्जरची वेळही धरून ठेवली होती. इतक्या मायेने केलं होतं सगळं. मला रडू येत होतं आणि मी तिचं कौतुक करत होते.

चार्जर एका पेट्रोल पंपाच्या मागे होता. आम्ही दोघीच गेलो. मी गाडीत बसून राहिले, ती खिडकीशी उभी राहून मोबाइलवर टक्के बघत होती, मधूनच ऑफिसमधलं काही सांगत होती. वेळ फार लवकर गेला.

“ऐंशी झाले,” ती म्हणाली. “याच्या पुढे फार हळू चढतं आई, उगाच तास जाईल. एवढ्यात आरामात पोचशील तू.”

खरं होतं. परतीला घाट उताराचा, उतारावर तर थोडी बॅटरी भरते, हे मलाही ठाऊक होतं. तिने वायर काढायला हात पुढे केला.

“राहू दे गं,” मी म्हटलं. “त्या तासासाठीच आलेय मी.”

तिने हात मागे घेतला. मग मोबाइल पर्समध्ये टाकला, वळसा घालून आली आणि शेजारच्या सीटवर बसली. शंभर व्हायला खरंच तास लागला. तेवढा वेळ तिने माझा हात धरून ठेवला होता. मग तिने उतरून वायर काढली आणि मी निघाले.