साओ एक म्हणजे नुसता खांब नव्हे

आणि वर माझाच मुलगा मला म्हणतो, "आई, साओ एक म्हणजे नुसता पोल गं!"

आज सकाळी ब्रिस्टलला आमच्या गार्डनमध्ये मुलासुनेची खोली बांधायला बिल्डर आला. थाई सूनबाई आडवी आली! साओ एक पुजल्याशिवाय खांब रोवू देईना. बिल्डर वैतागून गेला, ही रडत बसली.

मी विचारलं, "अगं, असतं काय ते?"

"आई, घराचा पहिला खांब. केळीचं रोप आणि ऊस बांधून पुजायचा."

अरे, आपण लग्नात मांडवाची मुहूर्तमेढ रोवतो, तसंच की! एवढं सांगायला पोराच्या तोंडाला काय झालं होतं?

बिल्डर आज तसाच परत गेला, आता शुक्रवारी शेवटचा येणार म्हणालाय. ऊस मिळेल, केळीचं रोप ग्रुपमध्ये कुणाकडे आहे? गुरुवारपर्यंत सांगा, नुसतं "वा वा" लिहू नका.