मामाचा खांब

ऑस्ट्रेलियातल्या टार्निटमध्ये आमच्या डावीकडे पंजाबी कुटुंब आणि उजवीकडे कॅनडाहून आलेला एक सुतार. तो गित्क्सान, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या नदीकाठच्या मूळ लोकांपैकी. लॉकडाउनमध्ये बायको आणि मुलगी हेडफोन लावून बसायला शिकल्या आणि माझे सगळे श्रोते संपले. मग मी कुंपणापाशी खुर्ची टाकून या शेजाऱ्याला धरला. काही महिन्यांनी माझे किस्सेही संपले. ते संपू शकतात हे मला तेव्हाच कळलं. मग तो बोलू लागला.

त्याचा मामा वारला होता. घराण्याचा प्रमुख. त्यांच्यात घराणं आईकडून चालतं, त्यामुळे मामाचं नाव आणि मान दोन्ही या भाच्याकडे यायचे होते.

"आणि मामाचा मुलगा?"

"तो त्याच्या आईच्या घराण्यातला."

"मला माझ्या मामाने फक्त जुने स्वेटर दिले," मी म्हणालो. "तेही मामीने टाकायला काढले म्हणून."

तो पोट धरून हसला.

मामाच्या स्मरणाचा टोटेम पोल तिकडे तयार होता. तांबड्या सीडर वृक्षाचं एकच खोड, वाकसाने तासून कोरलेलं, टोकाला लांडगा. हे देव नव्हेत, असं त्याने मला बजावलं. घराणं कुठून आलं, त्याच्यावर काय गुदरलं, कुठली जमीन त्याची, हे सांगणारी ती चिन्हं. कोरायचं काम मामाच्या वडिलांकडच्या माणसांचं, म्हणून स्वतः सुतार असून त्याने त्या लाकडाला हातही लावलेला नव्हता. त्याचं काम एकच. पोल उभा राहील त्या मेजवानीत तिथे असायचं आणि मामाचं नाव अंगावर घ्यायचं.

आधी साथीमुळे तिकडे मेजवान्या बंद होत्या. पोल ताडपत्रीखाली आडवा पडून राहिला. त्या सुरू झाल्या तेव्हा याला ऑस्ट्रेलियाबाहेर जायची परवानगी मिळेना. अंत्यविधी असता तर कदाचित मिळाली असती. मामा तर केव्हाच मातीत गेला होता.

"झूमवर करू की," मी छाती फुगवून म्हणालो. "आम्ही लग्नाच्या अक्षतासुद्धा लॅपटॉपवर टाकल्यात. स्पेसबार अजून अडकतो."

या वेळी तो हसला नाही. "पाहुण्यांनी समोर बसून जेवायचं असतं. नाव घेणाऱ्याने आपल्या हाताने त्यांना काहीतरी द्यायचं असतं. त्याने ते साक्षीदार होतात. उद्या कुणी म्हणालं की हा प्रमुख नाही, तर ते उठून सांगतात, याने आम्हाला वाढलं. मी फोनमधून काय वाढू?"



मग त्याच्या आईचा फोन आला. घराणं किती दिवस प्रमुखाशिवाय ठेवायचं, असं वडीलधारे विचारत होते. मावसभावाचं नाव माझ्या शेजाऱ्यानेच पुढे केलं. मावसभाऊ त्याच घराण्यातला, याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

पोल उभा राहिला तो आम्ही कुंपणाच्या खांबाला टेकवलेल्या त्याच्या फोनवर पाहिला. दोर ओढणारी माणसं, मग नुसतं आभाळ, मग हळूहळू वर येणारा लांडगा. नंतर मावसभाऊ पडद्यावर आला. माझ्या शेजाऱ्याने त्याला हाक मारली ती मामाच्या नावाने. वर्षभर ते नाव मी त्याच्या तोंडून ऐकत होतो, पण इतक्या जपून त्याने ते कधी उच्चारलं नव्हतं. पलीकडे तो पोरगा रडायला लागला आणि फोन बंद झाला.

"बॉर्डर उघडेल रे," मी म्हणालो. "मग जाऊन पोल तरी बघून ये."

"बघेन. उभा असेपर्यंत बघेन. आमच्यात पोल पडला की पडलेलाच राहू देतात." त्याने फोन खिशात घातला. "पुढचा उभा राहील तो मावसभावाच्या स्मरणाचा. त्या मेजवानीपर्यंत मी नसेन."

मी काहीतरी विनोद शोधत होतो. तो आत निघून गेला तरी मी शोधतच होतो.