चुकीच्या टोकावरचा ठिपका

“धर कान. काढ उठाबशा.”

सर म्हणाले आणि मी काढल्या. पन्नास पोरांसमोर. मला मिशी होती, घरी बायको होती. नगरच्या एका कॉलेजात शिपाई होतो मी. बहात्तरच्या दुष्काळाआधीचं साल. पोरं मोजत होती, “सात... आठ...” आणि खिदळत होती.

गुन्हा काय? फळ्यावरचा ठिपका बदलला.

आदल्या दिवशी सरांनी दोन आकृत्या काढलेल्या. मी दाराशी स्टुलावर बसून ऐकत होतो. पहिली, दिवसभरात ऊन कसं चढतं, उतरतं. खडू न उचलता काढलेली रेघ. हे कंटिन्युअस, म्हणाले. सलग. दुसरी टपालाची. पाकीट जड होत जातं, पण तिकीट हळूहळू वाढत नाही. एका वजनापर्यंत एकच. काटा जरा पुढं सरकला की एकदम दोन. रेघ तुटते, उडी मारून वर जाते. हे डिसकंटिन्युअस. तुटते तिथं दोन टोकं. जो दर खरा, त्या टोकाला भरीव ठिपका. दुसऱ्या टोकाला पोकळ गोल. एका वजनाला दोन दर नसतात.

मला सगळं कळलं. कॉलेजचं टपाल रोज मीच न्यायचो. म्हणून चूकही कळली. काटा बरोबर त्याच वजनावर थांबला, तर पोस्टातला बाबू एकच तिकीट मागायचा. सरांनी भरीव ठिपका वरच्या रेघेला दिलेला. कोपऱ्यात ‘पुसू नये’ लिहिलं होतं. मी पुसलं नाही. सकाळी खालचा गोल भरला, वरचा पोकळ केला. बस.

“चौथी नापास, आणि मला शिकवतोस?” सरांनी ठिपका परत वर नेला.

घरी बायकोला सांगितलं. ती काष्टी गावची, तोंडाची फटकळ. भाकरी थापता थापता थांबली.

“चूक तुमची हुती का?”

“न्हाई.”

“मंग कान का धरलं?”

तिला जाऊन आता चार महिने झाले. तिनं ते पुन्हा कधी विचारलं नाही. मला मात्र रोज ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “फळा पूस.”

“पुसतो. आधी ठिपका कुठं पायजे ते पोरांना सांगा.”

“नोकरी जाईल तुझी.”

“जाऊ द्या. काट्याफुडं रोज मी उभा ऱ्हातो, तुमी न्हाई. बाबूला इचारून या.”

कुणी हसलं नाही. सरांनी माझ्या हातातलं डस्टर ओढलं आणि सगळा फळा स्वतः पुसला. ठिपक्याबद्दल एक शब्द नाही.

दुपारी ऑफिसात माफीनामा टाइप करून तयार. ‘माझ्या अज्ञानामुळे’ असं लिहिलेलं. मी सही केली नाही. आठवड्यात काढलं. पुढं जन्मभर हमाली. बरं झालं, असं म्हणणार नाही. लई हाल झाले. माझ्यापेक्षा तिचे जास्त.

चूक माझी असेल तर पाया पडेन, लहान पोराच्याही. नसेल तर तो कागद आज पुन्हा पुढं ठेवा. सही मिळणार नाही.