घंटी वाजल्याशिवाय न उठणारे साडू

आमच्या साडूंइतका शिस्तीचा माणूस अख्ख्या बदलापुरात नसेल, आणि त्यांच्याइतका डोकं उठवणाराही नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान उल्हासनगरच्या एका क्लासात ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतात. शिकवोत बापडे! पण तीच सिस्टीम त्यांनी बदलापूरच्या शिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांत आणून बसवली. त्यांचं लाडकं प्रकरण म्हणजे इंटरप्ट. कीबोर्डवर बोट पडलं की कीबोर्ड प्रोसेसरला हाक मारतो. मग ऑपरेटिंग सिस्टीम हातातलं काम कुठवर आलं ते टिपून ठेवते, कीबोर्डचं उरकते आणि पुन्हा खुणेवर येते. "ज्याला गरज त्याने घंटी वाजवावी. प्रत्येकाला 'काही हवंय का' विचारत फिरणं हा शुद्ध मूर्खपणा," हे वाक्य मी त्यांच्याकडे जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा ऐकत आलोय.

घरात दाराची बेल पहिली, कुकरची शिट्टी दुसरी, मोबाइल तिसरा, असे क्रम लावलेले. पाहुण्याचं बोलणं सगळ्यांत खाली. एकदा साडू मला सोसायटीच्या सेक्रेटरीची फजिती सांगत असताना त्यांचा मोबाइल वाजला. साडूंनी खिशातल्या डायरीत 'सेक्रेटरी खुर्चीवर चढला आणि' एवढं टिपलं नि उठले. फोन चालू असताना कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करायला जातात तोच दाराची बेल. बेल उरकून कुकर, कुकर उरकून पुन्हा फोन, असे ते उलट पावली येईपर्यंत मी कंटाळून अंबरनाथ पूर्वेला घरी पोहोचलो. चपला काढतोय तोच त्यांचा फोन आला. "आणि खुर्ची मोडली," म्हणाले नि ठेवून दिला.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, या कारभारात कुठेच बसत नव्हत्या. तहानेने जीव गेला तरी त्या दुसऱ्याकडे पाणी मागायच्या नाहीत. त्या तापत्या दुधाजवळ उभ्या राहिल्या की वेळ फुकट घालवतेस म्हणून साडू करवादत. दुधाला घंटी नसते, एवढंच ताई म्हणायच्या. मग साडू डायरीत डोकं घालत.

यंदा ताईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर साडूंनी त्यांच्या उशाशी बेल बसवली, तिला सगळ्यांच्या वरचा क्रम दिला आणि बाहेरच्या खोलीत निर्धास्त पेपर तपासत बसले. दुपारभर बेल वाजली नाही. म्हणजे सगळं ठीक, असा यांचा हिशोब. संध्याकाळी आम्ही दोघं गेलो तर ताई घामाने भिजलेल्या, श्वास लागलेला, बेल हाताशी. "त्यांचे पेपर चालले होते ना," म्हणाल्या. डॉक्टरांनी वेळेत सावरलं म्हणून बरं. त्या दिवशी मी साडूंना नको नको ते बोललो, आणि त्यांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

परवा गेलो तर गॅसवर दूध तापत ठेवलेलं आणि साडू दर पाच मिनिटांनी उठून आतल्या खोलीत डोकावत होते. काही हवंय का, विचारत होते. माझी जीभ वळवळलीच. म्हटलं, काय साडूबुवा, विचारत फिरायला लागलात की!

ते हसले नाहीत. "तिला घंटी वाजवायला जमत नाही हो," म्हणाले.

मग सेक्रेटरीचंच काहीतरी नवं सांगायला लागले आणि अर्ध्यातच पुन्हा आत गेले. डायरी टेबलावर मिटलेलीच होती. परत येऊन त्यांनी मलाच विचारलं,

"मी काय सांगत होतो?"

मला शब्द न शब्द आठवत होता. म्हटलं, काही नाही, तुम्ही बसा ताईंपाशी. दुधाकडे मी बघतो.