कच्च्या लिंबांचा तास

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून पूर्वी तुरीचं रान होतं. मी तिथं बदलून आले तेव्हा पोरं मधल्या सुट्टीत शेंगा ओरबाडून आणायची आणि शेताचा मालक शिव्या देत फाटकापर्यंत यायचा. मग लागोपाठ पावसाळे कोरडे गेले, त्या रानात प्लॉट आखायला चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या आणि मालक शिव्या द्यायला यायचा बंद झाला. त्यानं रान विकलं होतं. फुलंब्रीहून शहरात जाणाऱ्या रस्त्यावर त्या वर्षांत असंच चाललं होतं. विहिरी आटल्या आणि रस्त्याकडेला प्लॉटचे बोर्ड उगवले. शहर आमच्या शाळेपर्यंत येऊन पोचलं, पण त्याचा नळ काही आला नाही. पाण्याला टँकरच होता.

त्या दुष्काळातच वरून आदेश आला. वय वाढूनही ज्या मुलांना वाचता-लिहिता येत नाही, साधी वजाबाकी जमत नाही, त्यांना शोधा, शाळा भरायच्या आधी त्यांचा जादा तास घ्या, आणि पुढं अधिकारी पडताळणीला येतील तेव्हा मुलं वाचून दाखवू देत. सोबत एक पेटीही आली. तिच्यात अक्षरांची कार्डं होती, मण्यांच्या माळा होत्या, मोठ्या टायपातली गोष्टींची पातळ पुस्तकं होती. सरकारी वस्तूला नावं ठेवायची मला खोड आहे, पण पेटी चांगली होती. आदेशातला एक शब्द तेवढा माझ्या डोक्यात गेला, तो म्हणजे 'अप्रगत'. लेकरू टँकरपाशी हंडा धरून उभं राहतं, धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत येतं, आणि वर त्याला अप्रगत म्हणायचं! मी तावातावानं मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, शब्द बदलणं आपल्या हातात नाही. तास घेणं आहे." अशा रीतीनं तास माझ्याच गळ्यात पडला.

शब्द मात्र पोरांनी बदलला. खेळात एखादं लहानगं पोर घ्यायचं तर घेतात, पण ते आउट झालं तरी धरत नाहीत, त्याला कच्चा लिंबू म्हणतात. शाळेतली बाकीची मुलं आमच्या तासाला 'कच्च्या लिंबांचा तास' म्हणायला लागली. मी ऐकलं आणि व्हरांड्यात उभी राहून सगळ्यांची हजेरी घेतली. मग माझ्या तासातल्याच एका लिंबानं मला बाजूला घेऊन समजावलं, "जाऊ द्या ना बाई. कच्च्या लिंबावर राज्य येत नाय. चुकलं तरी चालतंय." डी.एड.च्या सगळ्या पुस्तकांत मला जादा तासाचा इतका नेमका अर्थ सापडला नव्हता. त्या दिवसापासून मीही त्यांना लिंबंच म्हणू लागले.

या लिंबांत एक मेंढपाळाची पोर होती. तिचे आईबाप सोयगावकडून मेंढरं घेऊन आलेले. पूर्वी असा कळप आला की शेतकरी हात धरून न्यायचे, 'आमच्या रानात मेंढरं बसवा' म्हणायचे. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं आणि मेंढपाळाला धान्य. पण आता रानांचे प्लॉट झालेले, आणि प्लॉटला लेंड्यांचं काय कौतुक! जिथं जातील तिथून हाकलत. शाळेमागं तेवढा त्यांना थारा मिळाला होता, कारण मुलीची आत्या तिथल्या नव्या वस्तीत राहायची आणि आत्याचा नवरा तिथल्याच एका बांधकामावर रखवालदार होता. पोरीला वयाप्रमाणे चौथीत बसवलेलं. अक्षर एक येत नव्हतं.

आणि बघता बघता ती पेटीतली पुस्तकं घडाघडा वाचायला लागली. मी हरखून गेले. जो भेटेल त्याला सांगत सुटले. पोरगी पालावर गेली की रात्री मायला गोष्टी वाचून दाखवायची, तर एक दिवस मायच शाळेत आली. उंच, काटक बाई, हातात काठी, कोपरापर्यंत बांगड्या आणि तोंड असं की आमचे मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले.

"बाई, पोरगी लई झ्याक वाचती," ती म्हणाली. "आमी आता पैठणकडं जाणार. धरणाचं पाणी मागं सरलंय, गाळात हिरवं हाय म्हणत्यात. कोकरांमागं हीच आसती. पण हिची आत्या म्हणती, वाचती तर ठिवा माझ्यापाशी. तुमचे सायेब यायचे हायेत ना? त्या दिशी मी बी येते. माझ्या कानानं ऐकते. वाचली तर ठिवते, नायतर नेते."

मी छाती फुगवून म्हटलं, "या की. ऐका."

त्यानंतर लगेचच मला कळलं की पोरगी वाचतच नव्हती. सकाळच्या तासाला मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. ती एक हात कानाला लावून, डोळे मिटून, सुरात गोष्ट म्हणत होती, जसा तिचा बाप कळपाजवळ बसून ओव्या म्हणायचा तशी. मांडीवर पुस्तक होतं, तेही उलटं.

"अगं, पुस्तक उलटं आहे!" मी ओरडले.

तिनं डोळे उघडून पुस्तकाकडं पाहिलं आणि माझीच समजूत काढली, "मग काय झालं बाई? गोष्ट तीच हाय की."

शेजारचं पोर वाचायचं, मी वाचायचे, ते एकदा कानावर पडलं की तिचं कायमचं पाठ. तिच्या घरात शहाणपण कानानंच येत-जात आलेलं, तिला फसवाफसवी ठाऊकच नव्हती. हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना. पडताळणीला साहेबांनी पेटीतलीच गोष्ट दिली असती तर ती बिनचूक म्हणून मोकळी झाली असती, माय खूश, साहेब खूश. पण पुढच्या इयत्तेत पुस्तकं काही कुणी कानात सांगत नाही. तिथं ती मुकाट बसली असती, आणि मग एक दिवस आपण होऊन कोकरांमागं गेली असती. मला ते सोसवेना. ही पोर मला फार आवडायला लागली होती.

आता तिला असं काहीतरी वाचायला द्यायचं होतं, जे तिच्याआधी कुणी मोठ्यानं वाचलेलं नसेल. तसं पेटीत काही उरलं नव्हतं, रस्त्यावर मात्र रोज नवं उगवत होतं. मी माझी लिंबं घेऊन रोज सकाळी रस्त्याला लागले. 'प्लॉट विकणे आहे.' 'खडी, वाळू मिळेल.' 'येथे लघवी करू नये.' या शेवटच्या बोर्डापाशी वर्ग फारच रेंगाळायचा. त्या वाढत्या शहरानं आमची तुरीची शेंग नेली, पण वाचायला मजकूर भरपूर दिला, एवढं मान्य करायला हवं.

पोरगी आधी माझ्यावर चिडली. रातोरात रंगवलेल्या एका टपरीपुढं मी तिला उभं केलं, बाकीच्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं.

"एकदा सांगा की बाई."

"नाही सांगणार."

"निस्तं एकदा. मग मी धा बार म्हणते."

"अजिबात नाही."

"तुमी लई वंगाळ हायेत," ती म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी घेऊन त्या टपरीकडं बघत राहिली. मग बोट हवेत फिरवून एकेक अक्षर पकडू लागली. "र... स... रस... वं... रसवं..." आणि एकदम माझ्याकडं वळून किंचाळली, "रसवंती! बाई, इथं रस मिळतोय!" त्या दिवशी सगळ्या लिंबांना मी उसाचा रस पाजला. शाळेची प्रार्थना आमच्यावाचून झाली आणि त्याबद्दल मी मुख्याध्यापकांची बोलणी निवांत ऐकून घेतली.

पण खरं वाचायला लागली तशी ती अडखळायला लागली. बोट ठेवायची, थांबायची, मागं जायची, चुकायची. मी मनातून नाचत होते. तिकडं पालावर माय मात्र काळजीत पडली होती, हे मला कळलं पडताळणीच्या दिवशी.

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून एक नवाच उतारा काढला. पोरगी जमिनीवर मांडी घालून बसली आणि शब्दावर बोट ठेवत वाचत गेली. माय व्हरांड्याच्या खांबाला टेकून कान देऊन उभी होती. उतारा संपला तेव्हा पोरीला घाम फुटला होता. साहेब म्हणाले, "छान! वाचते की मुलगी."

सरकारला पटलं, मायला पटलं नाही.

"कशाचं वाचती?" ती म्हणाली. "आधी पाण्यावाणी म्हणायची. आता चाचरती. शाळंनं तर उलटं बिघडवली पोरीला. चल गं, कोकरं खोळंबली."

माझं डोकं फिरलं. "अहो, आधी ती वाचतच नव्हती! ते सगळं पाठ होतं. आत्ता वाचली ते खरं वाचणं!"

"बाई, मी आडानी हाय, भैरी नाय," ती म्हणाली. जिच्या सगळ्या आयुष्यात ज्याला येतं ते माणूस न अडखळता म्हणतं आणि ज्याला येत नाही ते अडखळतं, तिला मी कसं पटवून देणार होते? पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. मग ती उठली आणि मायच्या काठीपाशी जाऊन उभी राहिली. इतकं हरल्यासारखं मला आयुष्यात क्वचित वाटलं आहे.

माय फाटकाकडं वळली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, थांबली. डाव्या हातातल्या बांगड्या तिनं कोपराकडं सारल्या. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं, पसरलेलं, जुनं.

"हे वाच," ती पोरीला म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "पोरगी व्हते तवा पाचोडच्या बाजारात गोंदलंय. काय हाय ते मला ठावं हाय. हिला कुणी सांगितलेलं नाय. हिच्या बापानं बी तोंडातून काढलेलं नाय कवा."

मला उमगलं. ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात नाव बदललं, सासरी ते कुणाला माहीत नाही, नवरा 'अगं ए' म्हणतो, आईबाप गेले आणि माहेर तुटलं, एवढं पोरीच्या बोलण्यातून मला आधीच ठाऊक होतं. त्या नावानं तिला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

पोरीनं मायचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हिरव्या रेघांवरून बोट फिरवलं. पहिलं अक्षर म्हणाली. दुसऱ्यापाशी अडली, चुकीचं म्हणाली. मी पदर दातांत धरला, कारण गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. पोरगी पुन्हा मागं गेली, पहिल्यापासून सुरू झाली, तिसऱ्या अक्षरावर बोट आणलं, सगळं जुळवलं, आणि रस्त्यावरचे बोर्ड वाचायची तशी मान वर करून मोठ्यानं म्हणाली ते नाव.

आणि तिची माय, एवढी तोंडाळ बाई, कुणी लांबून हाक मारावी तशी म्हणाली, "ओ."

तिनं घाईघाईनं बांगड्या खाली ओढल्या, नाक पुसलं आणि पोरीच्या पाठीत हलकाच धपाटा घालून तिला माझ्या बाजूला ढकललं.

"कोकरं हिचा बाप बघंल," ती म्हणाली.